शिक्षक-कक्षासाठी गजक : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका दुकानाचा अनुभव

जपानमधील एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. हिवाळी सुट्टीत ग्वाल्हेरला घरी येऊन परत जाताना सहकाऱ्यांसाठी खाऊ नेणे तिथल्या रीतीप्रमाणे जवळजवळ बंधनकारकच असते. या भेटीला ‘ओमियागे’ म्हणतात. ती प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवतात किंवा चहाच्या जागेजवळ डबा ठेवून कोणाकडून आला ते चिठ्ठीवर लिहितात. पण दोन्ही रीतींत प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला असावा लागतो, कारण कोणी तासावर असते, कोणी मैदानावर मुलांचा सराव घेत असते आणि आपला वाटा सवडीने खाता किंवा घरी नेता यावा अशी त्यामागची समज आहे. जपानमध्ये रेल्वे स्थानकांवरील खाऊच्या डब्यांवर आतील नगांची संख्याच छापलेली असते.

आपल्याकडची मिठाई वजनावर विकली जाते आणि पेढे-बर्फी इतक्या प्रवासात टिकतही नाहीत. म्हणूनच दौलतगंजाजवळच्या या दुकानाचे मला मनापासून कौतुक वाटते. येथील काकांनी माझी गरज शांतपणे ऐकून घेतली, शिक्षकांची संख्या विचारली आणि गुळाच्या गजकेचा, म्हणजे तीळ कुटून केलेल्या मिठाईचा, प्रत्येक रोल वेगळ्या कागदात गुंडाळून, चुरा होऊ नये म्हणून घट्ट डब्यात बसवून दिला. गजक ताजी, खुसखुशीत आणि बेताच्या गोडीची आहे. पाक ओढून, भाजलेल्या तिळांसह नीट कुटल्याचे पहिल्याच घासाला कळते. तीळ जपानी माणसाच्या रोजच्या जेवणातले आणि गुळाची चव ओकिनावाच्या काळ्या साखरेच्या जवळची, त्यामुळे आमच्या उपमुख्याध्यापकांनीही ती आवडीने खाल्ली आणि कशी करतात ते विचारले. ग्वाल्हेरजवळच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही मला त्या निमित्ताने अभिमानाने सांगता आले.

एक उणीव मात्र दुकानाने दूर करावी. डब्यावर घटकांची यादी आणि तयार केल्याची तारीख नाही. जपानमध्ये शेंगदाण्याचा उल्लेख वेष्टनावर कायद्याने आवश्यक असतो आणि सहकारी तो पाहूनच पदार्थ उचलतात. येथे तर शेंगदाण्याची चिक्की त्याच काउंटरवर कापली जाते. तोवर घटक आणि तारीख काकांकडून विचारून घ्यावी, जपानी भाषेत चिठ्ठीवर लिहून डब्याला लावावी, आणि नग मोजून हवे असल्यास मागणी आदल्या दिवशीच नोंदवावी.