अंघोळीचं पाणी: विजेचा गिझर, गॅस गिझर की बंब?

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ०.५८ युनिट. पाण्याची मागणी एवढीच. तापवताना वाया किती जातं, यावर खर्च ठरतो.

विजेत घरापुरतं जवळजवळ काहीच वाया जात नाही, बादलीला ०.६ युनिट धरा. (कोळसा कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत जळतो आणि त्याची दोन तृतीयांश उष्णता तिथेच जाते, तो हिशेब वेगळा.) अडचण वेगाची. दीड किलोवॉटच्या रॉडला २५ मिनिटं लागतात. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला पावणेदोन लिटरच देतो, त्यामुळे शॉवरची धार बारीक येते. दोघांच्या घराला टाकीचा गिझर पुरे, फक्त रात्रभर चालू ठेवू नका.

एका पाठोपाठ एक पाच जणांच्या अंघोळी असतील, तर गॅस गिझरच घ्यावा. मिनिटाला ६ लिटरचा गिझर बादली साडेतीन मिनिटांत भरतो. किलोभर गॅस ४६ मेगाज्यूल देतो. ८० टक्के पाण्यात उतरले तर बादलीला ५७ ग्रॅम लागतो. घरगुती सिलिंडरमध्ये अशा सुमारे २५० बादल्या निघतात; म्हणून सिलिंडरची किंमत भागिले २५० आणि ०.६ गुणिले तुमचा वीजदर, हे दोन आकडे शेजारी मांडून बघा. घराची पाण्याची टाकी जेमतेम डोक्याच्या वर असेल, तर दाब कमी पडून बर्नर पेटतच नाही, हेही आधी तपासा.

मात्र ही उष्णता एकट्या गॅसची नव्हे. त्याच्या रेणूंचे बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. ती परत मिळते, आणि कितीतरी जास्त मिळते, कार्बन-हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडले जाताना. किलोभर गॅसला १२-१३ घनमीटर हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती कमी पडली की कार्बनचं जळणं अर्ध्यावर, कार्बन मोनॉक्साइडवरच थांबतं: कार्बनची उष्णता पावाच्या आसपासच मिळते, आणि वास नसलेला विषारी वायू खोलीत. ज्योत पिवळी दिसली की गिझर बंद करा. त्याची जागा ड्राय बाल्कनीत, बाथरूममध्ये कधीच नाही.

बंब घरचं जळण असेल तरच परवडतो. वाळलेलं लाकूड किलोला १५ मेगाज्यूल देतं, त्यातला पाव भाग पाण्यात उतरतो. म्हणजे बादलीला अर्धा-पाऊण किलो. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. ते उडवण्यातच किलोमागे १.३ मेगाज्यूल जातात, आग थंड राहते आणि धूर होतो. दोन फाटी एकमेकींवर आपटा: खणखणीत आवाज आला तर वाळली आहेत, बद्द आला तर अजून उन्हात ठेवा.