थॉम्पसन की परवान्याचे वाण: निर्यातीची नवी द्राक्षबाग लावण्यापूर्वी

निर्यातीसाठी नवी बाग लावताना खुंटावर (म्हणजे मुळांसाठी लावलेल्या रोपावर) कोणत्या वाणाच्या डोळ्यांचे कलम करावे हा प्रश्न आता केवळ शेतीचा राहिलेला नाही, कारण वाणावर हक्क कोणाचा आहे यावर माल कोणत्या देशात विकता येईल हे ठरू लागले आहे.

थॉम्पसन सीडलेस हे बिनबियांच्या द्राक्षाचे खुले, म्हणजे कोणाचाही हक्क नसलेले, वाण आहे. त्याची काडी शेजाऱ्याकडून आणता येते, आणि महाराष्ट्राची द्राक्षशेती अशाच देवाणघेवाणीवर उभी राहिली. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडले, तर नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बारीक नजरेने ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिले. या माणसांचे ऋण मोठे आहे. मात्र थॉम्पसनला मजूर फार लागतात: घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात पुन्हापुन्हा बुडवायचे, कात्रीने एकेक मणी काढून विरळणी करायची, आणि एवढे करूनही काढणीच्या तोंडावर पाऊस आला की मणी तडकतात.

‘अरा’सारखी परदेशी पैदासकारांची (नवी वाणे तयार करणाऱ्यांची) वाणे नेमकी हीच कामे कमी करण्यासाठी निवडलेली आहेत, नाशिक जिल्ह्यात सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने ती परवान्याने आणली. या वाणांसाठी स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) द्यावे लागते, काडी कोणाला देता येत नाही आणि विक्रीही बहुधा ठरलेल्या वाटेनेच होते. काडी चोरून लावली तरी उपयोग नाही, कारण पैदासकाराचा हक्क युरोपात नोंदलेला असल्यास कंटेनर तेथे अडवला जाऊ शकतो. पेरूने अशी वाणे झपाट्याने स्वीकारली आणि द्राक्षनिर्यातीत चिलीला गाठले. पेरूच्या निर्यातदारांनी शुल्काकडे ओझे म्हणून न पाहता बाजारात शिरण्याचा खर्च म्हणून पाहिले.

रासायनिक अंशांची कसोटी दोन्हींना सारखीच आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा प्रश्न वाणाचा नव्हता.

माझ्या मते, ज्यांचा बराचसा माल देशातच जातो किंवा बेदाण्याला वळतो, त्यांनी थॉम्पसन आणि तिच्या निवडींवरच राहावे. ज्यांना मजूर मिळत नाहीत आणि युरोपचा खात्रीचा ग्राहक हाताशी आहे, त्यांनी परवान्याचे वाण आधी एका एकरावर घ्यावे. वेल दहा-पंधरा वर्षे उभा राहतो, म्हणून सही करण्यापूर्वी परवाना देणारी कंपनी बदलली तर बागेचे काय होणार, हे कलम करारात शोधावे. ते नसेल तर लिहून घ्यावे.