एलिक्सिर दीड वर्ष वापरल्यावर

चॅटचं काम हातात आलं, हजारो लोक एकाच वेळी जोडलेले राहणार, म्हणून पायथन सोडून एलिक्सिर ही प्रोग्रामिंग भाषा घेतली. पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड. लिस्टमध्ये काही बदलायला जावं तर जुनी लिस्ट तशीच आणि हातात नवीन, नेहमीचा व्हाइल लूप नाहीच, सगळं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाहीतर ईनम, म्हणजे याद्या हाताळायची तयार फंक्शन्स. पण पॅटर्न मॅचिंग (डेटाच्या आकारावरून वाट निवडणं) आणि पाइप (एका फंक्शनचं उत्तर थेट पुढच्याला देणं) अंगवळणी पडले की बाकीच्या भाषांमधले इफ-एल्स बघवत नाहीत राव.

खरा माल मात्र खाली बीममध्ये आहे, म्हणजे हा कोड ज्यावर चालतो त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम). एरिक्सनमध्ये 1986 च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग ही भाषा सुरू झाली, 1998 ला ओपन सोर्स झाली, आणि तिच्याच व्हीएमवर जोझे वालिमने एलिक्सिर उभं केलं. इथली प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारं छोटं काम) ओएसची नाही, सुरुवातीला दोन-तीन केबीत भागतं, प्रत्येकीची मेमरी वेगळी, गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी साफ करणं) वेगळं, आपसात बोलायचं ते फक्त मेसेजने. मी मुद्दाम एका प्रोसेसमध्ये न संपणारा लूप लावून बघितला, एक कोर तापला पण बाकीच्या प्रोसेस आरामात चालू, कारण शेड्युलर, म्हणजे पाळ्या वाटणारा, ठरावीक काम झालं की तिला बाजूला करतो. आणि एखादी मेलीच तर सुपरवायझर, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस, तिला परत उभी करतो, युजरला कळतही नाही. "लेट इट क्रॅश" (चुकली प्रोसेस तर मरू दे, नवी उभी राहील) म्हणजे आळशीपणा वाटायचा मला, तसं नाहीये ते.

आता माझा गाढवपणा. जेनसर्व्हर (माहिती धरून ठेवून मेसेजना उत्तर देणाऱ्या प्रोसेसचा तयार साचा) आवडला म्हणून सगळा स्टेट एकाच जेनसर्व्हरमध्ये कोंबला. तो मेसेज एकेक करून घेतो, मेलबॉक्स, म्हणजे थांबलेल्या मेसेजची रांग, फुगत गेला, कॉल पाच सेकंदांनी टाइमआउट व्हायला लागले आणि मी दोन दिवस डेटाबेसला शिव्या घालत बसलो. शेवटी ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रोसेस बघायचं टूल, उघडलं तेव्हा रांग दिसली. नुसता वाचायचा डेटा ईटीएसमध्ये (सगळ्या प्रोसेसना थेट वाचता येणारं मेमरीतलं टेबल) हलवला, विषय संपला.

मिक्स (प्रोजेक्ट चालवायला), हेक्स (पॅकेजसाठी), एक्सयुनिट (टेस्टसाठी) एकदम चोख, डॉक्युमेंटेशन तर इतकं नीटनेटकं की दुसरीकडे गेलं की चुकल्यासारखं होतं. फिनिक्स या वेब फ्रेमवर्कच्या लाइव्हव्ह्यूमुळे (पान सर्व्हरवरूनच बदलतं) माझं निम्मं जावास्क्रिप्ट गेलं. डेटाबेसशी बोलणारा एक्टो आधी किचकट वाटतो, नंतर गोड लागतो. हॉट कोड लोडिंगचं (चालू सिस्टम न थांबवता कोड बदलणं) कौतुक सगळे करतात, मी एकदाही वापरलं नाही.

रडगाणं पण आहे. बाहेरच्या सर्व्हिसेसची तयार एसडीके (जोडणीची लायब्ररी) बरेचदा मिळत नाही, स्वतः एचटीटीपी कॉल लिहा. जड आकडेमोडीत हळू, म्हणून रस्ट भाषेत एनआयएफ (दुसऱ्या भाषेत लिहून व्हीएमच्या आतच चालणारं फंक्शन) लिहायचा मोह होतो, पण साध्या सी मधला एनआयएफ क्रॅश झाला तर सुपरवायझर-बिपरवायझर काही नाही, अख्खा व्हीएम बसतो. टाइप चेकिंग आत्ता कुठे हळूहळू येतंय.

आणि हो, युजरने पाठवलेल्या स्ट्रिंगचे ॲटम (व्हीएम कायम जपून ठेवतो ती नावं) बनवू नका, ते कधी साफ होत नाहीत, डिफॉल्ट मर्यादा 1048576, ती भरली की व्हीएम आडवा.