कोल्हापुरात क्रूझर घ्यायची तर: साडेतीनशे की साडेसहाशे?

शोरूममध्ये दोन्ही क्रूझर, म्हणजे पाय पुढं ठेवून बसायच्या लांब-बुटक्या मोटरसायकली, शेजारी उभ्या असतात आणि तिथंच घोळ होतो. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० डोळ्यांत भरली की शेजारची मीटिऑर ३५० एकदम धाकटी दिसायला लागते. मग हप्त्याचं गणित मांडलं जातं, ‘एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ’ असं घरच्यांना पटवलं जातं आणि बुकिंग होतं. या सगळ्यात गाडी चालणार कुठं, हे विचारायचं राहून जातं. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाची गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नाहीतर पार्किंगमध्ये असते, आणि माझ्या मते निवड तिथंच करायला हवी.

आधी बाकीच्यांना निकालात काढू. बजाज अव्हेंजर २२० आरामशीर आणि हलकी, पण मधल्या वजनाची क्रूझर मनात असलेल्याचं तिच्यावर समाधान होत नाही. जावाची बॉबर एकट्या माणसाची गाडी. कोल्हापुरात गाडी घेतली आणि मागं कुणी बसलंच नाही, असं होत नाही. हार्ले एक्स ४४० नावाला हार्ले, बसायची ढब मात्र रोडस्टरची, म्हणजे साध्या मोटरसायकलची. होंडा रिबेल ५०० कागदावर सगळ्यांत सोयीची: सीट ६९० मिलिमीटर, वजन १९१ किलो. पण ती २०२५ मध्ये भारतात आली तीच मोजक्या शहरांतल्या शोरूममध्ये. उरतात दोन्ही मीटिऑर, आणि खिसा खोल असेल तर कावासाकीची व्हल्कन एस.

पन्नास किलोंचा फरक

मीटिऑर ३५० चं वजन १९१ किलो, सुपर मीटिऑरचं २४१. फरक बरोबर एका सिमेंटच्या पोत्याचा. गाडी चालायला लागली की हे पोतं गायब होतं, हे खरं. सुपर मीटिऑरची सीट ७४० मिलिमीटर उंचीवर, वजन खाली बसलेलं, त्यामुळे वीसच्या पुढं वेग गेला की ती अंगाला हलकी लागते. शोरूमच्या टेस्ट राइडमध्ये नेमकं एवढंच कळतं.

महाद्वार रोडवर सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या भाविकांची गर्दी असताना चालण्याच्या वेगानं गाडी काढून बघा. किंवा मंगळवार पेठेतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला म्हणून गाडी पायांनी मागं रेटत न्या. ३५० तुम्ही कुरकुरत का होईना, रेटता. ६५० ला उतार असेल तर खाली उतरून, हँडल आणि सीट धरून, कुणालातरी हाक मारून रेटावं लागतं.

पन्हाळ्यावर तर हा प्रकार हमखास. तटाच्या बाजूला उतरती जागा बघून लोक गाडीचं तोंड खाली करून लावतात, आरामात झुणका-भाकरी खातात आणि निघताना कळतं की २४१ किलो चढावर मागं ओढायचे आहेत. टाचा मातीत रुतवून, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवून, इंच-इंच. मोठी क्रूझर घेतलीत तर ती नेहमी तोंड चढाकडं, बाहेरच्या बाजूला काढून लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

उंचीनं कमी असलेल्यांनी आणखी एक पाहावं. ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर, म्हणजे २५ मिलिमीटर जास्तच उंच. पाय ६५० वर जास्त टेकतात. पण पाय टेकणं वेगळं आणि झुकलेली गाडी त्या पायावर तोलून धरणं वेगळं. दोन्ही गाड्यांवर शोरूममध्ये हे करून बघा: गाडी बंद, स्टँड काढलेला, हँडल पूर्ण डावीकडं, आणि गाडी थोडी डावीकडं झुकवायची. कुठपर्यंत धरवते, ते तुमच्या मांडीला लगेच कळेल.

गतिरोधक आणि कंबर

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा हवा. आपल्याकडं एखादा अपघात झाला की रात्रीत डांबराची वरवंट्यासारखी पट्टी टाकली जाते. उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी हातभर. ३५० चं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर आहे, ६५० चं १३५ वर. त्यात ६५० चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १५०० मिलिमीटर, ३५० चा १४००. लांब आणि बुटकी गाडी अशा पट्टीवर मधोमध टेकते. एकटे असाल तर हळू, तिरकी घालून निघते. मागं माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील तर ‘खर्रर्र’ आवाज ऐकायची तयारी ठेवा.

कमरेचा विषय सगळ्या क्रूझरना लागू आहे. पाय पुढं असल्यामुळे खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभं राहून धक्का सोडता येत नाही. सगळा भार माकडहाडावर. सुपर मीटिऑरच्या मागच्या शॉकअपची हालचाल १०१ मिलिमीटरच आहे आणि ते कडक आहेत. शहरातून शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज ड्युटीला जाणाऱ्यानं हा मुद्दा किमतीच्याही वर ठेवावा. ३५० काही गादी नाही, पण वजन कमी असल्यानं खड्डा चुकवता तरी येतो.

मागं बसणाऱ्याचं मत घ्या, आणि ते शोरूमच्या सोफ्यावर नको, टेस्ट राइडमध्ये घ्या. घरच्या मंडळी साडी नेसून एका बाजूनं बसत असतील तर मागच्या सीटची रुंदी आणि धरायला काही आहे की नाही, हे आधी बघा. सुपर मीटिऑरच्या सेलेस्टियल मॉडेलमध्ये टूरिंगची सीट आणि मोठी विंडस्क्रीन येते. दोघांनी फिरायचं असेल तर तेच घ्यावं. बाकीची दोन मॉडेल एकट्याच्या रुबाबासाठी आहेत.

मोठी कुठं पैसे वसूल करते

इतकं ऐकून वाटेल की मी ६५० च्या विरोधात आहे. तसं नाही. ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ पीएस ताकद, ५२.३ न्यूटन मीटर टॉर्क (ओढ), सहा गिअर. (आपल्याकडं अठरा पूर्ण झालेल्या पोराला गिअरच्या गाडीच्या परवान्यावर थेट ही चालवता येते, याची घरच्यांनी नोंद घ्यावी.) ३५० चं एका सिलिंडरचं इंजिन सुमारे २० पीएस आणि २७ न्यूटन मीटर देतं, गिअर पाच.

पुणे-बेंगळुरू हायवेवर फरक काय पडतो? नव्वदपर्यंत फारसा नाही. ३५० नव्वदला मजेत धावते, शंभरला ‘आता बास’ म्हणते. ६५० शंभरला झोपेत असते. पण चौपदरी हायवेवर दुचाकीला कायद्यानं ८० ची मर्यादा आहे, पुण्याच्या पुढं एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच, आणि कागल ते सातारा सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळवलेले रस्ते. म्हणजे कोल्हापूर-पुणे सुमारे २३० किलोमीटरमध्ये मोठ्या इंजिनाचा वेग वापरायला मिळतो कुठं, हा प्रश्नच आहे. थकवा मात्र कमी येतो: इंजिन थरथरत नाही, ट्रक शेजारून गेला की गाडी हलत नाही, मागं माणूस असला तरी दम लागत नाही.

खरी वसुली होते ती दुपदरी रस्त्यांवर. गळिताचा हंगाम सुरू झाला की राधानगरी, गगनबावडा, गडहिंग्लज, कुठल्याही वाटेला जा. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, वर मोठ्यानं गाणी. समोरून येणाऱ्या दोन एसटींच्या मधल्या फटीत त्याला पार करायचं, तर ३५० वर एक गिअर खाली टाकून, हिशोब करून, कधी कधी बेत सोडून द्यावा लागतो. ६५० वर मनगट फिरवलं की काम झालं. रात्रीच्या दिव्याचंही तसंच. सुपर मीटिऑरला एलईडी हेडलाइट पहिल्यापासून आहे. सुरुवातीच्या मीटिऑरला हॅलोजन आहे आणि उसाच्या दिवसांत तो कमी पडतो. जुनी घेणार असाल तर हे बघा.

घाटात दोन्हींचं सूत जमतं, फक्त चालवायची पद्धत बदलते. आंबोली किंवा फोंडा घाटात क्रूझर जास्त आडवी केली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो, आणि ६५० वर तो लवकर घासतो. पावसाळ्यात भुईबावड्यासारख्या अरुंद घाटात, शेवाळलेल्या कडेला गाडी थांबवायची वेळ आली, तर पुन्हा तेच पोतं आठवतं. मी घाटासाठी ३५० निवडेन. यावर भांडण होऊ शकतं, माझी तयारी आहे.

पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्यांचा सेससह ३१ होता तो थेट ४० झाला. मीटिऑर ३४९ सीसीची, रेषेच्या बरोबर अलीकडं. त्यामुळे शोरूम किंमत बघितली तर ३५० दोन लाखांच्या आसपास आणि ६५० चार लाखांच्या घरात. एका ६५० च्या पैशात जवळजवळ दोन ३५० येतात.

विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७ रुपये, अधिक जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा किमतीप्रमाणे वेगळा, दरवर्षी. पासिंगचा करही किमतीवरच लागतो, तेव्हा ऑन रोड आकडा विचारल्याशिवाय हप्त्याचं बोलू नका.

ॲव्हरेज ३५० ला पस्तीसच्या आसपास, ६५० ला बावीस ते पंचवीस. टाक्या १५ आणि १५.७ लिटरच्या, म्हणजे ६५० वर पंप दीडपट लवकर येतो. टायर, ब्रेक पॅड, ऑइल सगळं मोठ्या गाडीचं मोठं. आणि ३५० चं इंजिन म्हणजे क्लासिक, हंटर आणि आताच्या बुलेटचंच इंजिन. उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजवाल्याला ते डोळे मिटून कळतं, सुटे भाग त्याच दिवशी मिळतात. ६५० चंही काम होतं, पण हात बसलेला मेकॅनिक शोधावा लागतो.

व्हल्कन एस बद्दल थोडक्यात. ६४९ सीसी, पाण्यानं थंड होणारं इंजिन, ६१ पीएस, वजन २३५ किलो, सीट ७०५ मिलिमीटर. फूटरेस्ट पुढं-मागं सरकवता येतात, त्यामुळे उंचीनं कमी असलेल्या माणसाला ती तिघींत सगळ्यांत चांगली बसते. जमिनीपासून पोट १३० मिलिमीटर, म्हणजे सुपर मीटिऑरहूनही खाली, आणि शोरूम किंमत आठ लाखांच्या घरात. सर्व्हिस आणि स्पेअरसाठी गाडी कुठं न्यावी लागेल, हे बुकिंगआधी लेखी विचारा. मला ती आवडते, पण विकत घ्यायचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

माझा कौल असा: गाडी रोजच्या कामाची, शनिवार-रविवारी जोतिबा-पन्हाळा आणि वर्षाकाठी एक-दोनदा कोकण-गोवा असेल, तर ३५० घ्या आणि उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट, जॅकेट, पावसाळी बूट घ्या. महिन्या-दोन महिन्यांतून दोघांनी बेंगळुरू किंवा मुंबईकडं जाणं असेल आणि शहरात फिरायला घरात स्कूटर असेल, तर ६५० घ्या. घरात दुसरी गाडीच नसेल तर ६५० चा विचार सोडा. मंडईत भाजी आणायला ती कुणी काढत नाही.

जुनी बघणार असाल तर एक कोल्हापुरी तपासणी. मीटिऑर नोव्हेंबर २०२० मध्ये आली, म्हणजे २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेली एखादी बाजारात असू शकते. सीट काढून वायरिंगच्या कनेक्टरमध्ये वाळलेला गाळ आहे का बघा, हेडलाइटच्या काचेआतला ओल्याचा डाग बघा, चाक हातानं फिरवून बेअरिंगचा खरखर आवाज ऐका. पुरात बुडालेल्या गाडीला कुणी सेल्फ मारला असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, तेव्हा थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐका. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. सुपर मीटिऑर २०२३ ची, त्या पुरातून सुटलेली. तिच्याकडं वेगळ्या खुणा शोधायच्या: क्लच लिव्हरचं टोक, हँडलची टोकं आणि लेग गार्डची बाहेरची कड. उभ्या-उभ्या पडलेली गाडी तिथं घासलेली असते. मग मोबाइलची बॅटरी लावून खाली वाका आणि इंजिनखालचे पाइप बघा. गतिरोधकांचे ओरखडे दिसले तर मालकाला दाखवा आणि मगच भावाचं बोला.