वीज वाचवणारी डबी: अँपिअर उतरतो, युनिट उतरत नाही

होळी झाली की खान्देशात कूलर माळ्यावरून खाली येतो, आणि एप्रिलचं बिल हातात पडलं की डबीवाला दारात उभा राहतो. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही जा. पारा ४४-४५ वर, पंखे आणि कूलर रात्रंदिवस चालू, बिल दुप्पट. अशा वेळी "ही डबी सॉकेटात लावा, बिल चाळीस टक्के कमी" असं कोणी म्हटलं तर माणूस ऐकतो, आणि त्यात त्याचा मूर्खपणा नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मीटरचा आकडा खाली आणून दाखवलेला असतो. तो आकडा खरोखरच खाली येतो, म्हणून ही फसवणूक समजून घेणं गरजेचं आहे.

डबीवाल्याकडे प्लायवूडचा एक बोर्ड असतो. त्यावर एक अँपिअर मीटर, एक सॉकेट आणि बहुतेक वेळा तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट. ती ट्यूब मुद्दाम जुनी निवडलेली असते. ४० वॅटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून साधारण ५२ वॅट घेतात, पण अँपिअर मीटरवर ०.४३ दिसतो. २३० व्होल्टला ०.४३ ने गुणलं तर ९९ येतात, ५२ नाही. मधला फरक चोकमुळे पडतो. आता शेजारच्या सॉकेटात डबी लावली की आकडा सरळ ०.२४ वर येतो. "बघा काका, चव्वेचाळीस टक्के वाचले!" आकडा बरोबर, हिशेबही बरोबर. फक्त त्या क्षणी बोर्डावर वॅटमीटर असता तर तो डबीच्या आधीही ५२ दाखवत होता आणि नंतरही ५२ च. वॅटमीटर त्या बोर्डावर कधीच नसतो.

मोटर, चोक, ट्रान्सफॉर्मर यांसारख्या गुंडाळीच्या वस्तू थोडी वीज वापरतात आणि थोडी नुसती उसनी घेतात. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणावी आणि लगेच परत करावी, तसं हे देणं-घेणं सेकंदाला शंभर वेळा चालतं. तारेतून दोन्ही जातं, म्हणून अँपिअर मीटर दोन्ही मिळून मोजतो. डबीत असतो कपॅसिटर. तो ही उसनवारी घरातल्या घरात भागवतो, त्यामुळे बाहेरून येणारा अँपिअर कमी होतो. पण घरगुती मीटर उसनवारीचे पैसे आधीही लावत नव्हता. तो मोजतो किलोवॅट-तास, म्हणजे जी वीज खरोखर वापरून संपली तीच. जे बिलात कधी नव्हतंच, ते वाचवल्याचे पैसे डबीवाला घेऊन जातो.

थोडा जाणता माणूस इथे विचारतो, की मग कारखान्यांत एवढाले कपॅसिटर पॅनल कशाला बसवतात? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे उसनवारी धरूनच, होतं. जिनिंग किंवा डाळमिल चालवणाऱ्याचे कपॅसिटरमुळे खरे पैसे वाचतात. डबीवाल्याच्या फायलीत एखाद्या कारखान्याचं पत्र असतं ते यामुळेच, आणि कदाचित ते पत्र खरंही असेल. घराच्या बिलाशी त्याचा काहीही संबंध नाही.

डबी उघडली तर आत काय निघतं? दोन ते पाच मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, म्हणजे पंख्याला लागतो त्याच जातीचा. एक छोटा रेक्टिफायर, दोन-तीन रेझिस्टर आणि हिरवा-लाल एलईडी. सुट्या भागांची किंमत शंभर रुपयांच्या आतबाहेर. डबी जड वाटावी म्हणून काहींत तळाशी काळा राळेसारखा मसाला ओतलेला असतो, त्यामुळे उघडून पाहणंही अवघड होतं. हिरवा दिवा "बचत चालू" दाखवतो म्हणे. प्रत्यक्षात सॉकेटात वीज आहे एवढंच तो सांगतो, आणि त्यासाठी स्वतः चोवीस तास वीज खातो. डबी एक वॅट घेत असेल तरी महिन्याला पाऊण युनिट वाढलं.

आता घरातलीच उदाहरणं घ्या. ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ०.२९ अँपिअरची उसनवारी भागवतो. १८० वॅटच्या कूलरचा करंट त्यामुळे १.०४ वरून ०.८८ वर येईल, पण कूलर १८० वॅटच खाईल. एलईडी दिव्याला चोकच नाही, तिथे डबीला करण्यासारखं काही उरत नाही. गिझर, हीटर, इस्त्री यांत तर उसनवारीच नसते. आणि धुळ्या-नंदुरबारकडे थंडीचं बिल वाढतं ते पाणी तापवण्यानेच. १५ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.४४ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजचं पावणेदोन युनिट, महिन्याचं बावन्नच्या घरात. पाण्याला जेवढी उष्णता हवी तेवढी द्यावीच लागते, मध्ये कुठलीही डबी लावा. ज्यांच्या अंगणात बंब आहे आणि शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पडून आहेत, त्यांची बचत मात्र खरी आहे.

विकण्याच्या रीतीही ओळखून ठेवा. "परिणाम पंधरा दिवसांनी सुरू होतो" असं सांगतात. कपॅसिटर लावल्या क्षणी काम करतो, त्याला मुरायला वेळ लागत नाही. ते पंधरा दिवस डबीवाल्याला पुढच्या तालुक्यात जायला हवे असतात. "तुमचं बिल दोन हजारांच्या वर आहे, एकीनं भागणार नाही, दोन लागतील" हे दुसरं. नवे स्मार्ट मीटर आल्यापासून "मीटर पळतोय, ही लावली की शांत होईल" हेही ऐकू येतं. गळ्यात ओळखपत्र अडकवून "आम्ही महावितरणकडूनच आलोय" म्हणणारे त्यांतलेच. महावितरण दारोदार डब्या विकत नाही. मीटरवर खरंच शंका असेल तर उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, शुल्क भरून मीटर तपासून मिळतो.

सर्वांत पक्की युक्ती मात्र ऋतूची आहे. मे अखेरीला डबी विकायची आणि "दोन बिलं बघा, फरक नाही पडला तर पैसे परत" म्हणायचं. जूनमध्ये पाऊस पडतो, कूलर बंद होतो, जुलैचं बिल निम्म्यावर येतं. घरचे खूश होतात आणि स्वतःच शेजारणीला डबी घ्यायला सांगतात. खरा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात कळतो, आणि मग ओट्यावर बसल्या बसल्या ऐकू येतं, "डबी लावी, तरी बिल तितलंच उनं!" तोवर डबीवाल्याचा नंबर बंद असतो. म्हणून तुलना करायची ती मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. रुपये बघू नका, कारण दर आणि इंधन समायोजन आकार बदलत राहतो, आणि स्थिर आकार तर वापर शून्य असला तरी लागतो. युनिट बघा, आणि किती दिवसांचं बिल आहे तेही बघा. ३५ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलाशी ताडलं तर हिशेब चुकतो.

घेण्याआधी डबीची परीक्षा घरच्या मीटरवर दहा मिनिटांत होते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ इम्प/केडब्ल्यूएच असा आकडा छापलेला असतो, पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा. फ्रिजचा प्लगही काढा, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच चालू होऊन हिशेब बिघडवतो. फक्त कूलर चालू ठेवा. पाच मिनिटं चालू द्या, मग दिवा लुकलुकला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि त्या पहिल्या लुकलुकीला "शून्य" म्हणा. इथेच बहुतेक जण चुकतात. पहिलीला "एक" म्हटलं तर दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातात. मोजणी "दहा"वर आली की थांबवा. ३२०० च्या मीटरवर ११२५० ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात: ६२ सेकंद लागले तर कूलर साधारण १८० वॅटचा. आता डबी लावा आणि पुन्हा मोजा. पुन्हा ६२ च येतील. डबीवाल्यासमोर ही परीक्षा करा म्हटलं तर तो बहुधा "हा मीटर त्यासाठी चालत नाही" असं काहीतरी म्हणून बोर्ड आवरायला घेतो. पण बिल त्याच मीटरवर येतं.

पैसे जाण्यापेक्षा मोठी चिंता जिवाची आहे. चांगला कपॅसिटर ४४० व्होल्टचा असतो, या डब्यांत अनेकदा २५० चा घालतात. गावात वीज जाऊन परत येताना दाब उसळतो, तेव्हा तो फुगतो, फुटतो, प्लास्टिक वितळतं. लाकडी बोर्डावर, पडद्याजवळ किंवा गॅसच्या ओट्याशेजारी अशी डबी अजिबात ठेवू नका. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तर ती लावूच नका. त्या लहरीत कपॅसिटरमधून करंटचे धक्के जातात, डबी तापते आणि इन्व्हर्टरही जळू शकतो.

डबीनं काम होत नाही म्हणून मीटरला लोहचुंबक लावून देणारा किंवा तार फिरवून देणारा माणूस भेटला, तर त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती वीजचोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा वीजग्राहकावर लागतो.

खरी बचत करायची असेल तर पंख्यापासून सुरुवात करा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नव्या जातीचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १४ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १९ युनिट वाचतात, आणि हे लाल दिव्यावर मोजून बघता येतं. छताच्या पंख्यांना २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, घेताना ते वाचा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो आणि मग माणूस दुसरा पंखा लावतो. बोअरच्या पाण्याचा क्षार गवतावर आणि पंपाच्या जाळीत साचतो. गवत दर हंगामात बदला, पंप उघडून धुवा.

डबी आधीच घेतली असेल तर पावती शोधा. नसेल तर यूपीआयची नोंद, खोक्यावरचा पत्ता, विक्रेत्याचा मेसेज, जे असेल ते जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानं भागलं नाही तर जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. ऑनलाइन जाहिरात पाहून पैसे पाठवले आणि माल आलाच नाही, तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा. डबी पुरावा आहे, म्हणून ती फोडू नका, स्टिकर काढू नका. सॉकेटातून काढताना मात्र पिनांना बोट लावू नका. स्वस्त डब्यांत साठलेली वीज निचरायला वेगळा रेझिस्टर अनेकदा नसतो, आणि प्लग काढल्यावरही पिना जोराचा झटका देऊ शकतात. होल्डरमध्ये लावलेल्या ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरींची टोकं पिनांना क्षणभर टेकवा, मगच डबी कागदात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.