किलोच्या भावाने घेतलेली जुनी नाणी

पुण्यातील एका विक्रेत्याकडून मी ब्रिटिशकालीन तांब्या-ब्राँझच्या नाण्यांची एक किलोची मिसळ घेतली. तिचा विचार करताना आधी साधा हिशेब पाहावा. 1906 पासूनच्या ब्राँझच्या पाव आण्याचे वजन 4.86 ग्रॅम असल्याने, केवळ तीच नाणी असतील तर किलोत सुमारे दोनशे नाणी येतात. त्यांतील बहुतेक अगदी सर्वसामान्य असतात. माझ्या पिशवीत पाचव्या जॉर्जचे पाव आणे आणि 1943 ते 1947 या काळातील भोकाचे पैसेच अधिक निघाले.

तरीही पैसे वाया गेले असे म्हणवत नाही, कारण पुढच्याच मुठीत 1911 चा पाव आणा निघाला. त्या वर्षीच्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसे, म्हणून ओरड झाली आणि 1912 मध्ये ती आकृती बदलण्यात आली. भिंग धरून तो हत्ती पाहताना झालेला आनंद नाण्याच्या किमतीपेक्षा मोठा होता. बाजारात जास्त मान त्याच वर्षीच्या रुपयाला आहे, आणि तो अशा ढिगात सापडत नसतो.

खरी तक्रार निराळी आहे. बरीच नाणी चिंच लावून घासलेली निघाली. लकाकी आली, परंतु वर्षानुवर्षे चढलेली तपकिरी छटा गेली आणि संग्राहकाच्या दृष्टीने मोलही उतरले. चाळून उरलेला ढीगच आपल्या हाती येतो, हे गृहीत धरूनच भाव ठरवावा.