बिडाचा तवा: आठ महिने, एक कान आणि फसलेला डाख

गेल्या गणपतीत बिडाचा तवा घेतला. दहा इंची, पावणेदोन किलो, दोन बाजूंना कान. तेव्हापासून जवळजवळ रोज गॅसवर आहे, म्हणून आता लिहितोय.

पहिले पंधरा दिवस आंबोळ्यांचे तुकडेच खाल्ले. तेल लाव, तापव, गार कर, पुन्हा तेल लाव, असं आठ-दहा वेळा झाल्यावर तवा काळाकुळकुळीत झाला आणि घावणे अलगद सुटू लागले. बीड उशिरा तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी ढिम्म. पैसे वसूल.

तिसऱ्या महिन्यात तो ओट्यावरून पडला. फरशीचा टवका उडाला आणि तव्याचा एक कान गेला. स्टीलच्या पातेल्याला नुसता पोचा आला असता. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. तडा जायला आतून वाट तयारच. तुटल्या जागी बोट फिरवलं तर पेन्सिलीसारखी काळी भुकटी लागली.

रेडिओ दुरुस्तीची हौस असल्याने सोल्डर, म्हणजे वितळवून जोड द्यायचा मिश्रधातू, घरात होतंच. म्हटलं, डाख देऊन बघू. स्वयंपाकाच्या भांड्याला शिसं नको म्हणून बिनशिशाचं घेतलं, कथील-चांदी-तांब्याचं. माझ्या पन्नास वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तवाच पिऊन टाकायचा. शेवटी तो गॅसवर तापवला. सोल्डर वितळलं, पण अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळे होऊन घरंगळलं. ग्रॅफाइटला ते धरतच नाही. कानस मारून, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून कान कसाबसा एका कोपऱ्यात बसवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर पहिलंच थालीपीठ लावलं आणि कान निसटला. शेगडीवर चंदेरी थेंब.

आई म्हणाली, "कान सोनारानेच टोचावेत रे."

चूक माझीच. हे सोल्डर २१७ अंश सेल्सिअसलाच वितळू लागतं, शिशाचं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) तर १८३ला. पाण्याचे थेंब तव्यावर नाचू लागले की तवा दोनशेच्या घरात गेलेला असतो. बीड वितळायला मात्र साडेअकराशेच्या आसपास जावं लागतं. केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून तापमान मोजून, वितळणबिंदूच्या प्रमाणात हिशेब मांडला तर गंमत दिसते: वितळण्यापासून जितकं जवळ शिशाचं सोल्डर खोलीतल्या २७ अंशांना असतं, तितकं जवळ जायला बिडाला साडेसहाशे अंश, म्हणजे लालसर तापावं लागेल. म्हणूनच सोल्डरच्या जोडावर सतत भार टाकला तर तो नुसत्या पडल्या-पडल्याही हळूहळू ताणत जातो. रेडिओतल्या जोडांना भारच नसतो. ते ठणठणीत आहेत.

वर्कशॉपवाल्याने तवा आधी तापवून निकेलच्या रॉडने वेल्डिंग करू म्हटलं. सांगितलेल्या पैशांत नवा तवा येतो.

तव्याला पाचपैकी साडेचार. अर्धा वजनाचा कापला. गरम असताना गार पाणी तेवढं ओतू नका, तडकेल. माझा एककानी तवा सध्या सांडशीने उचलतो.